संकेतस्थळावरील चित्रदालन : साध्या साधनाच्या निवडीचा इतिहास

ग्रामेतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, शिलालेख आणि नाणी यांच्या जोडीला छायाचित्रासही आता स्वतंत्र स्थान प्राप्त झाले आहे. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील नांदगाव पेठ हे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. ज्या परिसरात पूर्वी शेतीचेच प्राबल्य होते, तेथे आज औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि १३५० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक विद्युत प्रकल्प उभा आहे. गावाचे रूप इतक्या झपाट्याने पालटते, तेव्हा घरोघरी राहिलेली जुनी छायाचित्रे हाच पुष्कळदा गतकाळाचा एकमेव दृश्य पुरावा ठरतो. अशा गावातील एखादी शाळा किंवा वाचनालय ती छायाचित्रे संकेतस्थळावर मांडू लागले की पहिला प्रश्न उपस्थित होतो तो चित्रदालनाच्या प्लगइनचा. प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो पुराव्याच्या जतनाचा आहे.

चित्र आणि ते दाखविण्याची व्यवस्था या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा महाराष्ट्राला एकोणिसाव्या शतकातच मिळाला होता. वऱ्हाडच्या सीमेपासून दूर नसलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर दीर्घकाळ परिश्रम करून तयार केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या. तथापि ग्रिफिथ्सचे काम १८९६-९७ मध्ये ग्रंथरूपाने छापले गेले असल्यामुळे ते अभ्यासकांना उपलब्ध राहिले. प्रदर्शनाचे स्थान भव्य असले म्हणजे चित्र सुरक्षित झाले, असे नव्हे.

संकेतस्थळांच्या अल्प इतिहासातही हाच अनुभव आला. वर्डप्रेस ही प्रणाली २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००४ मध्ये तिला प्लगइनची जोड मिळाली. आरंभी तिच्यात चित्रदालनाची अंगभूत सोय नव्हती. लोकेश ढाकर याने २००५ मध्ये केलेल्या लाइटबॉक्सने पानावरील लघुचित्र त्याच पानावर मोठे करून दाखविण्याची पद्धत रूढ केली. २००७ मध्ये ॲलेक्स राबे याची नेक्स्टजेन गॅलरी आली व ती अतिशय लोकप्रिय झाली. तिच्यात चित्रांचे गट, क्रम आणि मांडणी यांची उत्तम सोय होती. परंतु चित्रे ती स्वतःच्या फोल्डरात आणि त्यांच्या नोंदी डेटाबेसमधील स्वतःच्या कोष्टकांत ठेवीत असे. परिणामी प्लगइन बंद करताच पानावर चौकटी कंसातील शॉर्टकोड तेवढा उरतो. चित्रे सर्व्हरवर असतात, पण चित्र आणि मथळा यांचा संबंध वाचकापुरता तुटतो.

याहून गंभीर आपत्ती इतर तीन मार्गांनी आल्या. पहिली बाह्य तंत्राच्या अस्ताची. फ्लॅशवर आधारलेली चित्रदालने एके काळी अत्यंत आकर्षक मानली जात. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ती दालने पाहणे सामान्य वाचकाला अशक्य झाले. दुसरी परक्या सेवेवरील अवलंबनाची. गूगलने २०१६ मध्ये पिकासा वेब अल्बम्स ही सेवा मोडीत काढली, तेव्हा तेथून चित्रे उचलणाऱ्या प्लगइनांचे मूळच उखडले. तिसरी सुरक्षिततेची. चित्रांचा आकार कमी करणारी टिमथंब ही छोटी संहिता असंख्य थीम व काही प्लगइनांत अंतर्भूत होती. ऑगस्ट २०११ मध्ये तिच्यातील दोष उघडकीस आला. त्या दोषामुळे परकी, अपायकारक फाइल संकेतस्थळाच्या सर्व्हरवर ठेवता येत असे. जी संहिता आपल्या संकेतस्थळावर आहे, हेच अनेक चालकांना ठाऊक नव्हते, तिची दुरुस्ती ते करणार तरी कशी?

याच काळात मूळ प्रणाली हळूहळू समर्थ होत गेली. मार्च २००८ मधील २.५ या आवृत्तीत चित्रदालनाचा शॉर्टकोड आला. २०१५ अखेरच्या ४.४ मध्ये पडद्याच्या रुंदीनुसार योग्य आकाराचे चित्र पाठविण्याची सोय झाली; डिसेंबर २०१८ च्या ५.० मध्ये चित्रदालनाचा ब्लॉक आला. ऑगस्ट २०२० च्या ५.५ मध्ये खालची चित्रे वाचक तेथवर पोहोचेपर्यंत न उतरविण्याची व्यवस्था झाली. आणि नोव्हेंबर २०२३ च्या ६.४ मध्ये चित्र जागच्या जागी मोठे करून पाहण्याची सोयही मूळ प्रणालीत समाविष्ट झाली. ज्या उणिवांमुळे २००७ मध्ये प्लगइन आवश्यक ठरत होते, त्यांपैकी बहुतेक अशा रीतीने दूर झाल्या.

यावरून सर्वच प्लगइन त्याज्य ठरतात, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. हजारो चित्रांचा संग्रह, त्यातील शोध किंवा अनेक स्तरांचे वर्गीकरण यांसाठी स्वतंत्र साधन लागतेच. परंतु नांदगाव पेठेतील एखाद्या वाचनालयाजवळ चाळीस छायाचित्रे असतील, तर त्याची गरज मूळ प्रणालीतील दालनाने भागते. प्रत्येक चित्र ४ एमबीचे धरल्यास चाळीस चित्रांचे वजन १६० एमबी होते. तीच चित्रे २०० केबीपर्यंत कमी केल्यास ते सुमारे ८ एमबीवर येते. मोबाईलवर पान उघडणाऱ्या वाचकाला सरकत्या चित्रांच्या शोभेपेक्षा हा फरक अधिक उपयोगी पडतो.

निवडीची कसोटी म्हणून दालनाच्या सौंदर्यापेक्षा त्याच्या वियोगाचा विचार आधी करावयास हवा. संकेतस्थळाची एक प्रत घेऊन तीवर प्लगइन बंद करून पाहावे. त्यानंतरही चित्र, मथळा आणि क्रम शाबूत राहत असतील, तर ते साधन साधे म्हणावे. न राहिल्यास त्याची मांडणी कितीही सुटसुटीत असो, ते साधे नव्हे. छायाचित्राचे स्थळ, वर्ष, छायाचित्रकार आणि मूळ प्रतीचा ठिकाणा ही माहिती मथळ्याच्या रकान्यात मजकूररूपाने लिहिलेली असावी, चित्रावर रंगविलेली नसावी; आणि पूर्ण आकाराच्या मूळ फाइली त्याच माहितीसह संकेतस्थळाबाहेर निदान दोन ठिकाणी ठेवलेल्या असाव्यात. गावातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर छायाचित्रातील चेहरे ओळखून त्यांची नावे लिहून घेता येतात. बिघडलेले दालन कोणीही पुन्हा बांधू शकेल. न लिहिलेले नाव मात्र पुढे कोणत्याही प्लगइनला भरून काढता येणार नाही.