सिद्धार्थाची गोष्ट : पश्चिमेची तऱ्हा आणि जपानची तऱ्हा

तथागतांची गोष्ट आपल्याकडे आधी आजीच्या तोंडून आली, मग ग्रंथातून आली. आता पोरं ती पडद्यावर बघतात. पण पडद्यावर गोष्ट सांगणारा कोण, यावर तिचे रूप ठरते.

१९२५ साली ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट निघाला. हिमांशु रॉय व जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी तो केला, आधार एडविन अर्नोल्ड या इंग्रज कवीच्या काव्याचा. सुरुवातच अशी, की परदेशी प्रवासी बुद्धगयेला येतात आणि एक म्हातारा त्यांना गोष्ट सांगतो. मग राजवाडा, राजपुत्र, गोपेवरचे प्रेम, विरह. एकच नायक आणि सारे जग त्याच्याभोवती, ही पश्चिमेची आवड.

१९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग काढला. शिकवायला अमेरिकेहून डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. ‘बॅम्बी’ (१९४२) या पाडसाच्या चित्रपटावर त्यांनी काम केलेले. त्यांच्या देखरेखीखाली १९५७ साली ‘द बनियन डिअर’ तयार झाला. गोष्ट आपल्या निग्रोधमृग जातकाची : गाभण हरिणीऐवजी स्वतःची मान पुढे करणारा मृगराज. चित्रे डिस्नेच्या शाळेतली, कथा मात्र जातकाची.

गंमत बघा, तोच ‘बॅम्बी’ जपानात ओसामु तेझुका याने म्हणे ऐंशीहून अधिक वेळा पाहिला. पण हा गडी शिकला डिस्नेकडून आणि गोष्ट सांगितली आपल्या पद्धतीने. १९७२ ते १९८३ या काळात त्याने ‘बुद्ध’ ही प्रचंड चित्रकथा काढली. सुरुवात होते ती बर्फात कोसळलेल्या म्हाताऱ्यासाठी आगीत उडी घेणाऱ्या सशापासून, म्हणजे शशजातकापासून. त्यानंतरही राजवाडा नाहीच. येतो चाप्रा, शूद्र गुलामाचा पोर, आणि तत्ता, जातीबाहेरचा. ही दोन्ही पात्रे तेझुकाची स्वतःची. चाप्रा जात लपवून सेनापतीचा मानलेला मुलगा होतो आणि जात उघडी पडताच जिवाला मुकतो. सिद्धार्थाचा जन्म होण्याआधी वाचकाला बरेच काही पार करावे लागते! पाश्चात्त्य प्रकाशकाने विचारले असते, नायक कुठे आहे? येवल्यात असे कोणी विचारणार नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा बाबासाहेबांनी ज्या गावी केली, तिथे चाप्रा कोण ते सांगावे लागत नाही.

दुसरा फरक शांततेचा. यासुजिरो ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’मध्ये (१९५३) मध्येच रिकामी खोली, धुराडे, आगगाडी दिसते, कोणी काही बोलत नाही. ओझूच्या थडग्यावर ‘मु’ हे एकच अक्षर आहे, अर्थ ‘नाही’, ‘अभाव’. पश्चिमेला ही स्तब्धता सोसत नाही. मियाझाकीच्या ‘लापुटा’ची (१९८६) डिस्नेने अमेरिकन आवृत्ती केली, तेव्हा शांत जागा भरून काढायला संगीतकार जो हिसाइशी यांच्याकडूनच वाढीव संगीत करवून घेतले. त्याआधी ‘नौसिका’चे (१९८४) वीस मिनिटांहून जास्त भाग कापून अमेरिकेत ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ म्हणून सरळ लढाईपट केला होता. तेव्हापासून जपानी मंडळी कात्रीला हात लावू देत नाहीत. बरेच केले म्हणायचे.

आता बाबासाहेबांचे बघा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथही १९५७ सालचा. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरेची कथा त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, म्हणून त्यांना जावे लागले, असे त्यांनी मांडले. या मांडणीवर कोणी चित्रपट काढला तर सुरुवात राजवाड्याच्या सज्जातून करता येणार नाही, ती नदीकाठी करावी लागेल. आणि पाण्याचे भांडण म्हणजे काय, हे तर येवलेकरांना कुणी शिकवायला नको.