दिनविशेष : ३ मे १९५२ – ‘बाँबे’ रक्तगट

३ मे १९५२ रोजी, मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलेल्या एका विलक्षण रक्तगटाची वार्ता ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केली, आणि पुढे जगभरच्या रक्तपेढ्यांच्या दप्तरी तो ‘बाँबे’ याच नावाने दाखल झाला. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ भासते. परंतु ‘ए’ व ‘बी’ हे गुण ज्या ‘एच’ द्रव्याच्या पायावर उभे राहतात तेच त्यात नसल्यामुळे, असा रुग्ण पनवेलच्या एखाद्या इस्पितळात आला आणि त्यास साध्या ‘ओ’ रक्ताची बाटली चढविली, तर ते त्याच्या प्राणावर बेतेल. आईबापांचे गट अगदी सामान्य, मात्र दोघांकडेही ‘एच’ घडविणाऱ्या जनुकाची एकेक निष्क्रिय प्रत सुप्त. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास त्या दोन्ही प्रती मिळण्याचा संभव चारांत एक, हा मेंडेलने वाटाण्याच्या वेलींवर बसविलेलाच हिशेब. याहून मौज अशी की, झाकलेला ‘ए’ नष्ट होत नाही : आई ‘ओ’, बापही दाखल्यावर ‘ओ’ पण खरा ‘बाँबे’, आणि मूल मात्र ‘ए’ निपजते, तेव्हा पितृत्वाचा वाद घेऊन कचेरीची पायरी चढणाऱ्याचा दावा तेवढ्या दाखल्यावर मुळीच टिकणार नाही.