पोरोपोरोची कुळकथा

गर्भनिरोधक गोळीची कुळकथा सांगताना न्यूझीलंडमध्ये पोरोपोरो या झुडपाचं नाव निघतं. वांग्याच्या कुळातलं हे झुडूप, जांभळ्या फुलांचं. त्याच्या तिथे दोन जाती आहेत: सोलॅनम अॅव्हिक्युलेर आणि सोलॅनम लॅसिनिएटम. पहिलीचं नामकरण कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टरने 1786 साली केलं. पहिलीच्या पाकळ्यांची टोकं अणकुचीदार, दुसरीची खाच पडलेली. पहिलीच्या पेशीत 46 गुणसूत्रं, दुसरीच्या बरोबर दुप्पट. हिरवी फळं विषारी; पूर्ण पिकलेली तिथले मूळनिवासी माओरी लोक खात आणि पाला त्वचेच्या विकारांवर लावत. माओरी स्त्रिया गर्भ राहू नये म्हणून पाल्याचा काढा घेत, असंही लिहिलेलं सापडतं. पुढे 1970 च्या दशकात न्यूझीलंडच्याच तारानाकी भागात गोळीत लागणाऱ्या संप्रेरकांच्या कच्च्या मालासाठी पोरोपोरोची शेती झाली, आणि या दोन गोष्टी जोडून ‘गोळीचं मूळ माओरी औषधात’ अशी सरळ वंशावळ मांडली जाऊ लागली. ती मला पटत नाही.

कारण रेणूतच दिसतं. पोरोपोरोतून मिळतं ते सोलासोडीन. त्याचा 27 कार्बनांचा सांगाडा मेक्सिकोच्या रानकंदातल्या (आणि आपल्या मेथीतल्याही) डायोस्जेनिनसारखाच; फक्त शेवटच्या कड्यात ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन. रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्करने 1940 च्या सुमारास डायोस्जेनिनची बाजूची साखळी तोडून 21 कार्बनांचं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवण्याची वाट दाखवली, आणि तीच वाट सोलासोडीनला चालते. सख्ख्या भावंडांना मात्र ती चालत नाही. टोमॅटोतल्या टोमॅटिडीनची साखळी तुटते, पण प्रोजेस्टेरॉनसाठी हवा असलेला पाचव्या-सहाव्या कार्बनमधला दुहेरी बंध त्यात नसतो. बटाट्यातल्या सोलॅनिडीनमध्ये नायट्रोजन दोन कड्यांच्या सांध्यातच अडकलेला, सोळाव्या कार्बनवर ऑक्सिजन नाही, त्यामुळे तोडायला सोपी जागाच नाही. बेलाडोना आणि धोतरा याच कुळातले, पण त्यांचं अॅट्रोपिन वेगळ्याच घराण्यातलं. स्टेरॉइडशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे कूळ एक म्हणून औषध एक, हा हिशेब इथे मोडतो. आणि जिथे तो जुळतो तिथेही ती तोड भट्टीत, तीव्र रसायनांनी होते. माणसाच्या पोटात सोलासोडीनचं प्रोजेस्टेरॉन होत नाही. आपल्या रिंगणीच्या फळांतही सोलासोडीन असतं, ती दशमुळांपैकी एक आहे. पण दशमूलारिष्टाला कोणी गर्भनिरोधक म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, काढ्याचा परिणाम दुसऱ्या एखाद्या घटकामुळे होत असेल. असेलही; पण ते वेगळं सिद्ध करावं लागेल, तारानाकीतला कारखान्याचा माल त्याला साक्षीदार होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ही वंशावळ नाकारणं म्हणजे माओरींचं ज्ञान पुन्हा एकदा पुसणं नव्हे का? मला उलट वाटतं. 1991 साली माओरींचे दावे ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणापुढे गेलेल्या ‘वाय 262’ दाव्यात देशी वनस्पतींवरच्या माओरी पालकत्वाचा प्रश्न होता, आणि ज्या वनस्पतींची नावं घेतली गेली त्यांत पोरोपोरो होतं. न्यायाधिकरणाचा अहवाल 2011 साली आला. पोरोपोरोशी माओरींचं नातं फळ खाण्याचं, पाला लावण्याचं, झुडूप ओळखण्याचं आहे. ते टिकवायला गोळीचा दाखला लागत नाही. उलट त्या दाखल्यावर ते टेकवलं, तर कारखान्याची गरज संपताच नात्याचीही किंमत उतरते.

आणि गरज खरोखरच लवकर संपली. सोयाबीनच्या तेलातली स्टेरॉलं सूक्ष्मजीवांकरवी तोडून तोच माल स्वस्तात निघू लागला. 1980 च्या दशकात तारानाकीतली लागवड बंद पडली. झुडूप मात्र पूर्वीसारखंच रानाच्या कडेला उगवतं. पक्षी त्याचं बी पसरवतात.