व्हॉल्व्ह बंद म्हणजे पाइप सुरक्षित नव्हे

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी सर्वपरिचित आहे. याच तालुक्यातील सायझिंग कारखान्यांत उष्णतेचा स्रोत असते ती बॉयलरची वाफ. खळ लावलेले सूत वाळविण्यासाठी पाइपमधून ही वाफ सिलिंडरपर्यंत नेली जाते. अशा पाइपची दुरुस्ती करताना केवळ व्हॉल्व्ह बंद करण्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

व्हॉल्व्हची बैठक झिजली असेल किंवा तीत कचरा अडकला असेल, तर तो बंद असूनही वाफ झिरपत राहते. अनवधानाने दुसरा कामगार तो उघडू शकतो. शिवाय पाइपच्या सखल भागात उकळते पाणी साचलेले असते.

म्हणूनच दुरुस्तीपूर्वी व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप व सूचनापट्टी लावावी. किल्ली काम करणाऱ्याकडेच असावी. त्यानंतर दाब सोडून पाण्याचा निचरा करावा व पाइप थंड होऊ द्यावा. धोका अधिक असल्यास दोन व्हॉल्व्ह बंद करून त्यांच्यामधील निचरा उघडा ठेवतात, अथवा फ्लँजमध्ये भक्कम पोलादी चकती बसवितात. दाब शून्यावर आल्याची खात्री प्रत्यक्ष कामाच्या जागी करावी. सांधा उघडताना आपल्यापासून दूरचा बोल्ट प्रथम सैल करावा, म्हणजे उरलेली वाफ अंगावर येत नाही.

या दक्षतेचे मोल दोन दुर्घटनांनी दाखवून दिले. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुगळतीपूर्वी पाइप धुण्याचे काम झाले, तेव्हा अशी चकती बसविलेली नव्हती. टाकीत पाणी त्याच मार्गाने शिरले, हा निष्कर्ष कंपनीने मात्र अमान्य केला. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्या जागी बसविलेले झाकण घट्ट नव्हते आणि रात्रपाळीला त्याची माहितीच मिळाली नव्हती. पंप सुरू होताच वायू बाहेर पडून स्फोट झाला. १६७ जण मृत्युमुखी पडले.

त्यामुळे लेखी परवाना आणि पाळी बदलताना त्याचे समक्ष हस्तांतरण हाही या पद्धतीचा अविभाज्य भाग होय. काम संपल्यावर चकत्या मोजून काढाव्यात, सर्व माणसे दूर झाल्याची खात्री करावी आणि मगच वाफ हळूहळू सोडावी.