उसाच्या बेटावरचे एकटे झाड

नर्सरीत ‘बॉटल पाम’ म्हणून मिळणारे, बुंध्याशी फुगलेले बुटके झाड सोलापूरकरांना नवे नाही. मॉरिशसच्या उत्तरेचे राऊंड आयलंड हे त्याचे मूळ घर. आज ते जगभरच्या बागांत पोचले आहे. त्याच्याच कुळातल्या हायोफोर्ब अमॅरिकॉलिस या जातीचे मात्र जगात एकच झाड ज्ञात आहे. मॉरिशसमधील क्यूरपिप येथील वनस्पती उद्यानात कुंपणाच्या आत ते उभे आहे.

हे उद्यान १८७० सालचे. झाडाला फुले येतात. पण नर आणि मादी फुले एकाच वेळी उमलत नसल्याने फळधारणा कठीण होते. प्रयोगशाळेत रोपे तयार झाली, ती मातीत लावल्यावर टिकली नाहीत. कुंपणापाशी थांबणाऱ्याला प्रश्न पडतो : एका अख्ख्या जातीवर ही पाळी का आली?

उत्तर इतिहासात आहे. डच लोकांनी १६३८ साली या निर्जन बेटावर वसाहत केली आणि तिथले काळे आबनूस तोडून नेले. ऊसही त्यांनीच आणला. पुढे फ्रेंच आले आणि १८१० साली इंग्रज. साखरेला भाव आला तसे जंगल हटून उसाचे फड पसरले. १८३५ साली गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांनी भारतातून करारबद्ध मजूर नेले. सुमारे पाऊण शतकात ही संख्या साडेचार लाखांच्या आसपास गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. जंगल तोडण्याचा निर्णय या माणसांचा नव्हता. कोयता मात्र त्यांच्याच हाती दिला गेला. आज बेटावरचे चांगल्या स्थितीतले मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

मॉरिशसचे प्रसिद्ध पाम्प्लेमूस उद्यान अठराव्या शतकात पिएर प्वाव्र याने नावारूपाला आणले. लवंग-जायफळाची रोपे मिळवून डचांची मक्तेदारी मोडणे हा त्याचा हेतू. त्या काळी वनस्पती उद्यान म्हणजे परदेशी पिकांचे कोठार. बेटावरच्या मूळ झाडांसाठी जागा राखावी हा विचार फार उशिरा आला. इल-ओ-एग्रेत हे अवघ्या २६ हेक्टरांचे बेट १९६५ साली राखीव झाले. तिथे परकी झाडे उपटून आबनूस पुन्हा वाढवला जात आहे. बिया पसरवणारी मूळ कासवे नामशेष झाली होती, म्हणून अल्डाब्रा बेटावरची महाकाय कासवे आणून सोडली. त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया चांगल्या रुजतात असे दिसले.

शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर १९८० साली एका शाळकरी मुलाने शिक्षकांनी दाखवलेल्या चित्रावरून ‘काफे मारों’ हे संपले असे मानलेले झुडूप ओळखले. तेही एकच होते. त्याचे कलम लंडनच्या क्यू उद्यानात नेले; बऱ्याच वर्षांनी त्याला बी धरले आणि रोपे मायदेशी परतली. क्यूरपिपच्या झाडाला हे भाग्य अजून लाभलेले नाही.

सोलापुरात बसून ही हकीकत वाचताना ती परकी वाटत नाही. मॉरिशसचा आबनूस हा आपल्या टेंभुर्णीच्या झाडाच्याच प्रजातीतला, आणि त्या झाडाचे नाव धारण करणारे गाव आपल्याच माढा तालुक्यात आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. ज्वारीचा हा जिल्हा पुढे साखर कारखान्यांचा झाला. शेतकऱ्याला पाणी मिळाले, पैसा मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पवन्या, मारवेल, कुसळीचे माळ तुकड्या-तुकड्यांनी उरले. १९७९ साली जाहीर झालेले नान्नजचे माळढोक अभयारण्य आज अशाच बेटासारखे आहे. अभयारण्य आहे, पण माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो. डचांनाही आबनुसाचे जंगल म्हणजे नुसते लाकूड वाटले होते. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या आवारात बॉटल पामशेजारी टेंभुर्णीचे एखादे झाड आणि पवन्याचा एक वाफा असायला हरकत नाही. तेवढ्याने माळ वाचणार नाही, हे क्यूरपिपचे झाड सांगतेच. पण काफे मारों ओळखणाऱ्या मुलाने आधी त्याचे चित्र पाहिले होते. आपल्या मुलांना निदान माळावरच्या गवताचे नाव तरी माहीत हवे.