दक्षमित्रेची ओवरी



लग्नपत्रिकेवर तारखेशेजारी ‘शालिवाहन शके’ लिहिलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्यातले शक कोण, ते आज आम्ही सांगणार आहोत.

शक म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मुलखातले घोडेस्वार. ग्रीक लोक त्यांना स्किथियन म्हणत. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी हिरोडोटस या ग्रीक लेखकानं लिहून ठेवलं, की या लोकांना ना गाव ना तट. गाडा हेच त्यांचं घर. घोड्यावरून बाण मारतात, पहिल्या मारलेल्या शत्रूचं रक्त पितात. त्यांच्या शेजारच्या सौरोमाती लोकांत बायकाही शिकारीला आणि लढाईला जातात. ही बायकांची गोष्ट अनेकांना भाकडकथा वाटायची. पण रशिया-युक्रेनकडच्या जुन्या थडग्यांत बाणांसह पुरलेल्या बायकांचे सांगाडे सापडले. बाकी गोष्टींवर त्या लोकांचं म्हणणं काय, ते मात्र त्यांच्या लिखाणातून कळत नाही, कारण तसं लिखाण मिळतच नाही.

पुढे शकांच्या टोळ्या हिंदुस्थानात आल्या. त्यांचा क्षत्रप, म्हणजे सुभेदार, नहपान याची सत्ता नाशिकपर्यंत पोचली. तिथल्या पांडवलेण्यात त्याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं ३,००० कार्षापण नाणी विणकरांच्या दोन संघांकडे ठेवली. २,००० दरमहा शेकडा १ व्याजानं, १,००० शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल काढायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायचा. आपल्या गटाच्या बायांना हा हिशेब लगेच समजेल!

त्याच लेण्यात त्याची बायको, नहपानाची लेक दक्षमित्रा, हिनं एक खोली दान दिली आणि दगडात आपलं नाव कोरवलं. लेखात खोलीला ‘ओवरक’ म्हटलंय. देवळातली आपली ओवरी त्यातूनच आली.

नंतर गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचं राज्य घेतलं. त्याची आई गौतमी बलश्री हिनं त्याच डोंगरात लेणं दान दिलं. आपला मुलगा शकांचा नाश करणारा, असं तिच्या लांबलचक लेखात आहे. तेवढाच लेख उरला असता, तर शक म्हणजे नुसते शत्रू, एवढंच आपल्याला कळलं असतं. दक्षमित्रेच्या छोट्याशा लेखानं त्यांच्या घरातली एक दानशूर लेक आपल्यापर्यंत पोचवली.

आपल्या कुरखेड्याबद्दलही बाहेरचे लिहितात, जंगल, मागास, गरीब. खोटं नसेल, पण अर्धंच. म्हणून आम्हाला वाटतं, गटाच्या वहीत पैशाच्या हिशेबाबरोबर दोन ओळी आणखी असाव्यात. बोडी कोणी खोदली, मोहफुलं कोणी वेचली, गावातली दारू कोणत्या बायांनी बंद पाडली. तारीख घाला आणि प्रत्येकीचं नाव लिहा.