रेडिओची तिसरी तार

बचत गटाची बैठक असो, भजन असो की हळदीकुंकू, आता माइकशिवाय कार्यक्रम होत नाही. घरीही टीव्हीशेजारी मुलांनी आणलेला अँप्लिफायर आणि दोन बॉक्स असतात. या आवाजाच्या यंत्रांच्या इतिहासातली एका तारेची गोष्ट आज सांगते. आपल्या आज्यांच्या काळी ही तार घरात होती, मधल्या काळात ती गेली, आणि आज ती नसेल तर जिवावर बेतू शकते.

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. सोलापूरपासून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर, तर पुणे अडीचशे. एवढ्या लांबचा आवाज पकडायला त्या वेळच्या रेडिओला दोन तारा जोडाव्या लागत. एक एरियलची, माळवदावर दोन बांबूंच्या मधे ताणलेली. दुसरी अर्थची, म्हणजे जमिनीची. ती भिंतीवरून खाली येई आणि ओलीच्या जागी पुरलेल्या सळईला किंवा पत्र्याला जोडलेली असे. जमीन सुकली की खरखर वाढे, मग तिथे पाणी ओतायचे. अर्थचे काम तेव्हा एवढेच होते, आवाज स्वच्छ यावा.

बहुतेक खेड्यांत तेव्हा वीज नव्हती. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट बसवले आणि दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम ऐकवले. गटाने ऐकायचे, चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. आजच्या सामुदायिक रेडिओची ती थोरली बहीणच. जिथे वीज नव्हती तिथे रेडिओ बॅटरीवर चाले. पण चावडीवरच्या त्या बैठकीत बायका कितीशा बसणार?

शहरात विजेवरचे व्हॉल्व्हचे रेडिओ आले. त्यांतले काही ‘एसी-डीसी’ म्हणून विकले जात. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसे, त्यामुळे आतल्या लोखंडी सांगाड्यातच वीज उतरू शके. बाहेरून लाकडी किंवा बॅकेलाइटची पेटी असे, म्हणून माणूस वाचे. पण बटण निघाले आणि उघड्या दांडीला हात लागला की झटका बसे. रेडिओला हात लावू नका, ही वडीलधाऱ्यांची ताकीद निष्कारण नव्हती.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि बायकांची सोय झाली. दोन-चार सेलवर चालणारा हा रेडिओ चुलीपाशी, विड्या वळताना सुपाशेजारी, खुरपणीच्या बांधावर कुठेही नेता येई. त्याच्या पोटातच काळ्या फेराइटची कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार होती. तेच त्याचे एरियल. बाहेरच्या दोन्ही तारा गेल्या. सेलचा झटका बसत नाही, त्यामुळे आवाजाच्या यंत्राला भ्यायचे असते, हेच एक पिढी विसरली.

मग वीज आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली आणि हळूहळू खांब गावोगावी पोचले. टेपरेकॉर्डर आला, डेक आला, गल्लीतल्या मेकॅनिकने पत्र्याच्या पेटीत जुळवलेला अँप्लिफायर आला. हे सगळे २३० व्होल्टवर चालणारे. आता अर्थची तार पुन्हा हवी होती, पण कामासाठी निराळ्या. पेटीच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट हवी. ती वाट नसेल, तर वीज माइकच्या तारेवरच्या जाळीतून माइकच्या धातूच्या दांड्यापर्यंत येते. ओला हात, अनवाणी पाय, शेणाने सारवलेली ओली जमीन, आणि भजन म्हणणारी आपलीच कुणीतरी.

म्हणून मैत्रिणींनो, प्लगची तिसरी, जाड पिन कधी कापू नका. दोन यंत्रे जोडल्यावर बॉक्समधून घूं-घूं आवाज येतो, तेव्हा ‘अर्थ काढून टाका, आवाज जाईल’ असे सांगणारे भेटतात. आवाज खरेच जातो, पण त्याच्याबरोबर संरक्षणही जाते. दोन्ही यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. काही यंत्रांना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ती दुहेरी आवरणाची आहेत, त्यांना अर्थ लागत नाही.

जुळे सोलापुरात नवे घर असो की गावाकडे जुने, सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणजे अर्थ आहे असे समजू नका. काही ठिकाणी ते रिकामेच असते, काही ठिकाणी आतून न्यूट्रलला जोडलेले असते. हे दुसरे तर जास्त वाईट. न्यूट्रल कुठे तुटली तर यंत्राचा पत्रा थेट जिवंत होतो. टेस्टरच्या दिव्याने अर्थ तपासता येत नाही. परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेल्या सळईपासून सुटते. म्हणून मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला बादलीभर पाणी घाला. रेडिओसाठी आज्या घालत तसेच.

दुसरी गोष्ट आरसीसीबीची. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. पंधरा वॅटचा बल्ब सुमारे ६५ मिलिअँपिअर वीज घेतो. त्याच्या निम्मीही माणसाला घातक ठरू शकते आणि एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहा. वीज गेली नाही तर आरसीसीबी बदला.

फ्यूज उडाला तर जाड तार किंवा चांदीचा कागद घालू नका. विजा चमकू लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. अँप्लिफायर बंद केल्यावरही आत काही वेळ वीज साठलेली असते, तो घरी उघडू नका.

आरसीसीबी आणि अर्थिंगला खर्च आहे, हे खरे. पण गटाच्या खात्यातून माइक घ्यायचा ठराव होतो, तेव्हा ज्या खोलीत तो लागणार तिथल्या अर्थिंगचा खर्चही त्याच ठरावात लिहा. पुढच्या बैठकीत माइक हातात घेण्याआधी एकीने प्लग उलटा करून तीन पिना मोजाव्यात आणि मगच तो लावावा.